गुरुवारच्या पेल्यातला रस

५ मार्च, राखेचा बुधवार

नवीन पाळकसाहेबांनी आज अख्ख्या मंडळीले वह्या वाटल्या. ईस्टरपर्यंत लिहा म्हणे. डाव्या पानावर आपली ताकद, उजव्या पानावर आपली कमजोरी, आणि देव दोन्ही कशा वापरून घेतो त्यावर ध्यान ठेवा. पोरगा तिशीचा नसेल. झगा अंगावर झुलतो, जसा खुंटीवर टांगला आहे. आणि मले, सुभद्राबाईले, कमजोरी लिहाले सांगून राहिला.

मी चौथीपर्यंत शिकली. पुढचं सासूनं शिकवलं, चुलीपाशी बसवून शास्त्र वाचून घेतलं. अक्षर मोठं येते, ओळ वर चढत जाते. चालते. देवाले चष्मा लागत नाही.

डावं पान: तोंड.

उजवं पान: काही नाही.

९ मार्च, रविवार

डाव्या पानाचा उपयोग आजच झाला.

माहा वसंत गेल्या कापणीच्या सणाले पिऊन चर्चमध्ये आला होता. वेदीपुढच्या टेबलावर पडला. भोपळे, केळीचे घड, ज्वारीची कणसं, सगळ्यांसकट खाली आला. लोकांनी भक्तीनं आणलेलं सगळं त्याच्या अंगावर. तेव्हापासून कमिटीनं त्याले प्रभुभोजनातून, म्हणजे वेदीपुढच्या भाकरीतून अन् पेल्यातून, बंद केलं. मी तेव्हा काही बोलली नाही, कारण बोलण्यासारखं नव्हतं. पण नाताळापासून त्यानं थेंब घेतला नाही. हिंगण्याच्या कंपनीत वेल्डर आहे. कंपनीची बस जिथं उतरवते तिथंच समोर बार आहे, म्हणून पोरगा आता एक स्टॉप आधी उतरून उन्हातान्हात पायी येतो. हे कमिटीले दिसत नाही. पडलेला तेवढा दिसतो.

उपासना सुटल्यावर मी सेक्रेटरी गोपाळरावले गाठलं. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, अजून समोरच्याले खिडकीतून पाहावं तसा पाहतो.

म्हटलं, "पवित्र गुरुवारी वसंत पेला घेईल."

तो म्हणाला, "सुभद्राबाई, वर्षभर पाहू. घाई कशाला?"

"पेत्रानं प्रभूले तीनदा नाकारलं, कोंबडा आरवला, तरी त्याले मंडळी सोपवली. तुम्ही कमिटीत असते तर त्याले वर्षभर बाहेर उभं केलं असतं."

"तुमच्या तोंडाला काय लागायचं!"

"लागू नका. माह्या पोराले आत घ्या."

वसंत मागं चपला घालत होता. मान खाली. म्हणाला, "आई, चल ना." मी म्हटलं, तू चूप राह्य, मी बोलून राहिली ना तुह्यासाठी.

१७ मार्च

आज मिनलनं, माह्या सुनेनं, घर डोक्यावर घेतलं. बाहेरून आली, धावत जाऊन शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. "आई, गॅस चालू होता! वास नाही आला तुम्हाले?"

मी पाच हात दूर बसून लसूण सोलत होती. आजकाल गॅसले वास राहिला नाही, भेसळ करतात. असं मी तिले सांगितलं. ती माह्याकडे पाहत राहिली. कुहीकडची पोरगी, धानाच्या शेतातून आली, लग्नाआधी चर्च आतून पाहिलं नव्हतं तिनं. कामाची आहे पण उगाच घाबरते. मले मागं मोठा ताप आला होता, त्यानंतर माह्या हातचा वरण-भात कमी-जास्त होतो असंही तिनं एकदा म्हटलं होतं. म्हटलं, तुह्या जिभेचे लाड झाले.

२९ मार्च

पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. देव मोडकी भांडीच जास्त वापरतो असं सांगत होते. मोशेची जीभ जड, पौलाच्या अंगात काटा, गिदोन सगळ्यात लहान घरातला.

म्हटलं, "साहेब, मोडकंच पाहिजे असेल तर देवानं मजबूत बनवलंच काहून? माह्यासारख्या बाया मजबूत होत्या म्हणून तुमची मंडळी टिकली. नाहीतर तुम्ही कोणाले प्रवचन दिलं असतं, बाकड्यांले?"

हसले. पोराले हसाले येते, ते बरं आहे. मग वसंतकडे वळले. "कसं चाललंय, वसंतभाऊ?"

मी सांगितलं, एकदम छान.

"जड जातं का कधी?"

मी सांगितलं, बिलकुल नाही, माहा पोरगा आहे तो.

वसंतनं चहाची कपबशी उचलून आत नेली. साहेबांनी माह्याकडे असं पाहिलं जसं काही विचारायचं होतं. मग म्हणाले, "उजवं पान भरलं का, आई?"

म्हटलं, "कागद महाग आहे."

६ एप्रिल

कमिटीची मीटिंग होती. मले बोलावलं नव्हतं, मी गेली. दारात खुर्ची टाकून बसली, म्हटलं तुमचं चालू द्या, मी फक्त हवा खाऊन राहिली. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, वसंतबद्दल आजच ठरवू या. गोपाळराव म्हणाले, गुरुवारी उपासनेआधी ठरवू. तोपर्यंत त्याच्याबद्दल काही ऐकू आलं नाही तर हो, ऐकू आलं तर नाही.

म्हणजे माह्या पोराचं ताट लोकांच्या तोंडावर ठेवलं. ठीक आहे. लोकांच्या तोंडाले माहं तोंड पुरून उरेल.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आजच रस करून टाकला.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा रस विकत आणत नाहीत. काळ्या मनुका रातभर भिजवायच्या, उकळायच्या, हातानं कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. सासू करायची, तिच्यानंतर मी. दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. दरवर्षी बुधवारी करते. यावेळी मंगळवारपासून गुरुवारपर्यंत मले कमिटीवाल्यांच्या घरोघरी जायचं आहे, एकेकाले समजवाले. म्हणून आज उरकलं.

मिनल म्हणाली, "आई, फ्रिजात ठेवू का? बेचाळीस-त्रेचाळीस चढून राहिलं."

"तुह्या अंड्याच्या रश्शाशेजारी प्रभूचा रस ठेवू काय वं?"

सासूसारखंच केलं. तिन्ही बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवल्या. रंग असा आला की काळजात उजेड पडावा. वसंत पाहत होता. म्हटलं, पाह्य, गुरुवारी यातलाच पेला तुह्या हातात येईल. त्यानं तोंड फिरवलं. भरून आलं असेल.

१५ एप्रिल

वसंतचं काही खरं नाही. स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. ताट घेऊन बाहेर गल्लीत, मोटरसायकलवर बसून जेवला. अशा उन्हात, लोखंड तापलेलं. म्हटलं, काहून गा, घरात काटे आले का?

"आई, त्या बाटल्या दुसरीकडे ठेव ना. चर्चमध्ये नेऊन ठेव."

"चर्चच्या कपाटात उंदीर आहेत. इथंच राहतील."

"मले जरा..."

"काय मले?"

"काही नाही."

कमिटीचं टेन्शन घेतलं पोरानं. मी आज दोन घरं केली. एक बाई तयार झाली, दुसरीनं दारच उघडलं नाही, पण मी दारालेच सगळं सांगून आली, आतून ऐकत असेल.

बाटल्यांत वरती थोडा फेस दिसला. मनुका चांगल्या होत्या यावेळी.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

कालचं लिहिते. काल राग इतका होता की लिहिता आलं नसतं.

सकाळी वसंतनं सुट्टी टाकली होती. मी बाटल्या पिशवीत भरत होती, तर तो दारातूनच म्हणाला, "आई, तो रस नेऊ नको. आंबला आहे."

"तुले कसं ठाऊक? उघडली तू?"

"नाही. झाकण लावलेलंच आहे. सोमवारपासून वास येऊन राहिला."

मी मिनलले हाक मारली. ती म्हणाली, हो आई, वास तर येतो. म्हटलं, मग बोलली काहून नाही? म्हणे, "मले वाटलं प्रभुभोजनाच्या रसाचा वासच असा असतो."

मी झाकण सैल करून नाकाशी धरली. मले काहीच आलं नाही. बोट बुडवून चाखलं, गोड होतं, जिभेले थोडं झणझणलं. म्हटलं, दोघंही येडे झाले. उशीर होऊन राहिला होता. दारुड्याच्या नाकावर देवाचं काम थांबवू काय? हो, असंच म्हटलं मी, तोंडावर. त्यानं माह्या हातातली पिशवी घेतली आणि हात लांब करून, अंगापासून दूर धरून चर्चपर्यंत आणली.

कमिटी बसली होती. गोपाळरावनं बाटली उघडली. ठप् असा आवाज झाला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर जांभळा फेस. पुसता पुसता त्यानं वास घेतला.

"ही दारू आहे!"

सगळे उभे राहिले. बाटली हातोहात फिरली. ज्याच्या हातात जाई तो तोंड वाकडं करी.

वसंत दारातून म्हणाला, "मी सकाळीच आईले सांगितलं होतं, आंबला म्हणून."

"तुला बरं कळलं झाकण न उघडता!" गोपाळराव म्हणाले. "सुभद्राबाई इतकी वर्षं रस करताहेत. कधी आंबला नाही. यावर्षी घरात हा बसला आहे आणि यावर्षीच आंबला. यात काय घातलं, यानं किती काढलं, देव जाणे. पाळकसाहेब, मला वाटतं उत्तर मिळालं आपल्याला."

दोन-तीन माना हलल्या. वसंतनं पाठ फिरवली. मी त्याची ती पाठ ओळखते. कापणीच्या सणाच्या आधीही ती अशीच गेली होती, सरळ, बारकडे.

माह्या तोंडात गोपाळरावसाठी इतकं तयार होतं की तीन पिढ्या झाकल्या गेल्या असत्या. त्याच्या मुलाचं, त्याच्या साडूचं, त्याच्या पोस्टाचं. पण ते सगळं बोलली असती तरी रस आंबलेलाच राहिला असता, आणि पोरगा चोर. मिनल माह्याकडे पाहून राहिली होती. तिले ठाऊक होतं. मलेही ठाऊक होतं म्हणा, मी फक्त मानत नव्हती.

मी म्हटलं, "थांब, वसंत."

मिनलले सांगितलं, संडासातली फिनाईलची बाटली आण. तिनं आणली. मी झाकण काढलं, नाकाशी धरली आणि असा लांब श्वास घेतला जसा कोणी अत्तर हुंगतो. सगळ्यांनी तोंडावर रुमाल धरले. मी घेतच राहिली.

"सांगा गोपाळराव, हे काय आहे? गुलाब आहे की मोगरा? कारण मले काही येत नाही. त्या मोठ्या तापापासून येत नाही. दूध करपलं तरी कळत नाही, घरात गॅस भरला तरी कळत नाही. माहं नाक मेलेलं आहे. पोरानं सकाळी सांगितलं, आंबला. मी त्याले दारुडा म्हटलं, आणि पिशवी उचलून त्याच्याच हाती दिली. रविवारी केला मी रस, बुधवारी कराचा तो, तुमची मनधरणी कराले वेळ पाहिजे होता म्हणून. आंबवला मी. यानं नाही. हा नसता तर आज संध्याकाळी तुम्ही सगळ्यांनी वेदीपुढं गुडघे टेकून दारू प्याली असती. लिहा आता हे कमिटीच्या कागदात, आणि माहं नाव पूर्ण लिहा."

गोपाळरावनं रुमालानं शर्ट घासत म्हटलं, "फिनाईल बंद करा बाई, डोकं चढलं." पाळकसाहेब मान खाली घालून बसले होते, खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, मी विचारलं नाही.

मग वेळ कोणाले होता? वसंत इतवारीच्या बाजारातून मनुका घेऊन आला, गरम पाण्यात टाकल्या, चर्चच्या मागच्या शेगडीवर उकळल्या. कुस्करलं मी. भांडं त्यानं हुंगून दिलं. एकाले जुन्या तेलाचा वास आहे म्हणाला, ते बाजूले केलं. फडकं त्यानं हुंगून दिलं. आंबलेलं मी नाल्यात ओतलं. तेव्हा तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला, फाटकाचा गज दोन्ही हातांनी धरून. शेवटचा थेंब जाईपर्यंत सोडला नाही.

कमिटीनं हो म्हटलं. गोपाळराव स्वतः सांगाले आला. "येऊ द्या त्याला," म्हणाला, अन् माह्याकडे न पाहता निघून गेला.

आणि संध्याकाळी माह्या पोरानं काय केलं? पाळकसाहेबांनी बोलावलं, सगळे रांगेत उठले, हा बाकावरच.

मी कानात म्हटलं, "ऊठ."

"तू जा, आई."

"काहून? कमिटीनं हो म्हटलं. इतकी लढली मी."

"कमिटीले ठाऊक नाही. सोमवारपासून त्या बाटल्यांनी मले झोपू नाही दिलं. दोनदा हात झाकणापर्यंत नेला मी. आज नाही. आज मी हात लावला तर कशाले लावून राहिलो, हे मलेच सांगता येणार नाही."

"मग मले सांगायचं होतं ना!"

"आपल्या घरात तहान लागली म्हणून सांगाची सोय आहे का, आई?"

सोय नाही म्हणजे? माठ काय रिकामा होता? मी स्वतः रोज भरते. असं मी म्हटलं तर तो हसला. चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या वेळी, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मले अजून समजलं नाही त्यात हसण्यासारखं काय होतं.

माहं लग्न झालं तेव्हापासून गुरुवारचा पेला मी चुकवला नाही. बाळंतपणात पाळक घरी येऊन देऊन गेले होते. काल रांग माह्या गुडघ्याले घासून पुढं गेली आणि मी बसून राहिली. भक्ती नव्हती ती. राग होता. एवढं भांडून जागा मिळवली आणि हा बसला, तर मी एकटी पुढं जाऊन कोणाले तोंड दाखवू? मिनल एकटी गेली. परत येताना तिनं आमच्या दोघांच्या मधून जायचं सोडून माह्या बाजूनं वळसा घेतला.

पाळकसाहेबांनी वेदीपासून आमच्या बाकाकडे पाहिलं. बोलावलं नाही. पोरगा शिकेल हळूहळू.

आज उपासनेनंतर विचारत होते, आई, आता उजव्या पानावर नाक लिहिणार ना? म्हटलं, नाक म्हणजे नाक आहे. गेलं तर गेलं. देवाले वापरायचं असेल तर वापरून घेवो, मले त्यात मिरवायचं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

हा दिवस मले कधी आवडला नाही. प्रभू थडग्यात, घंटा बंद, उपासना नाही. शास्त्रात या दिवसाबद्दल दोन ओळी नाहीत. माणसानं काय करावं ते कोणी सांगून ठेवलं नाही.

दुपारी मिनल माहेरी फोनवर बोलत होती. मी पडली होती. वसंत आला, माह्या खाटेपाशी खाली बसला. पाठ खाटेले टेकवली, तोंड भिंतीकडे.

"आई."

"काय गा?"

"मले लागून राहिली. आत्ता. लय जोरात."

असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. नाताळापासून नाही, त्याच्या आधीही नाही. इतक्या वर्षांत मी त्याचे खिसे हुंगले, शर्ट हुंगले, तोंड उघडाले लावलं, शिव्या दिल्या, शपथा घातल्या. पण हे वाक्य माह्या घरात कोणी बोललं नव्हतं.

माह्याजवळ त्याले सांगाले काहीच नव्हतं. खोटं काहून लिहू? मी शोधलं. एक शब्द सापडला नाही. जिभेवर काही आलंच नाही, जसं फिनाईल धरलं तरी नाकाले येत नाही. भलतीच भीती वाटली मले. वाटलं, आता हा उठेल आणि जाईल, आणि मी अशीच मुकी पडून राहीन.

तो उठला नाही. मी बोलत नव्हती, तर तो बोलत गेला. बसच्या स्टॉपचं बोलला, कंपनीत कोण काय म्हणतं ते बोलला. त्या बारमध्ये पंखा कुठं आहे, खुर्ची कोणती असते, पहिला घोट गेल्यावर कानात कसं शांत होते. लहानपणीचं बोलला. त्यात मी होती. बरोबर नव्हतं सगळं, पण मी मधात तोंड घातलं नाही.

मग थांबला. म्हणाला, "आई, तू झोपली काय?"

मी उठली, चपला घातल्या. म्हटलं, चल.

कुठं जायचं ते मले ठाऊक नव्हतं. गल्लीतून निघालो, ऊन असं की कुत्रेही गाडीखाली. बारच्या रस्त्यानं नाही गेलो, पण एका ठिकाणी तिकडे वळण होतं, तिथं त्याचे पाय थोडे जड झाले. मी त्याचा हात नाही धरला. मनगटच धरलं, बाजारात लेकराचं धरतात तसं. चाळीस वर्षांचा बाप्या, लोक पाहून राहिले होते. पाहू दे.

चर्चपाशी पोचलो. किल्ली माह्याजवळ असतेच. आत उद्यासाठी काहीच तयार नव्हतं, बाकांवर धूळ, परवाची फुलं वाळलेली. मी बादली भरली, एक फडकं त्याच्याकडे फेकलं, एक मी घेतलं. संध्याकाळ होईपर्यंत बाकं पुसली. तो मधामधात थांबे, डोकं बाकाले टेकवे, परत पुसाले लागे. मी माहा बाक सोडून त्याच्या बाकापाशी जाई. जवळ बसून तिथलंच पुसे, पुसलेलं परत पुसे.

पाळकसाहेब येऊन दारात उभे राहिले. आम्हाले पाहिलं, काही तरी बोलाले तोंड उघडलं. मी बोट ओठावर ठेवलं. मी! त्यांनी बाह्या वर केल्या आणि तिसरं फडकं शोधाले गेले.

घरी येताना गोपाळराव आमच्या गल्लीच्या तोंडाशी भेटला. वसंतकडे खालून वर पाहिलं, माह्याकडे पाहिलं. दोघंही घामानं भिजलेले, कपडे मळलेले, याचे डोळे लाल.

"कुठून येताहात?" म्हणाला. मग हळूच, "बरं आहे ना सगळं? प्यायला तर नाही ना?"

वसंतच बोलला, माह्या आधी. "नाही प्यायलो, काका. पण लागली होती."

मी गोपाळरावले सांगितलं, उद्या पहाटे उपासनेले लवकर या, बाकं ओले असतील, पुसून बसा. आणि वसंत कुठं बसेल, पुढं येईल की नाही, ते त्याले विचारू नका, मलेही विचारू नका. तो येईल तेव्हा येईल. तोपर्यंत मी त्याच्या बाकावर आहे.